बिनस्प्रिंगची गाडी

जगातल्या बहुतेक सगळ्या मोटरसायकलींच्या इंजिनात व्हॉल्व्ह, म्हणजे इंधन आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप, उघडण्याचे काम कॅम नावाचा फिरता उंचवटा करतो आणि मिटण्याचे काम एक स्प्रिंग करते. ही स्प्रिंग स्वस्त असते, मुकाट्याने राबते आणि गाडी विकून टाकेपर्यंत मालकाला तिच्या अस्तित्वाचा पत्ताही लागत नाही. माझ्या मोटरसायकलीत ती स्प्रिंग नाही. माझ्या आयुष्यात आज जी काही आर्थिक, कौटुंबिक आणि सहकारी गृहनिर्माण संस्थाविषयक गुंतागुंत आहे, तिचे मूळ या एका उणिवेत आहे. अर्थात तिला उणीव म्हणायचे नाही, वैशिष्ट्य म्हणायचे, असा आम्हा मालकमंडळींचा दंडक आहे.

गाडी डुकाटीची आहे, मॉन्स्टर. हवेवर थंड होणाऱ्या दोन सिलिंडरांची. इटलीतल्या बोलोन्या शहरात 1926 साली या कंपनीने रेडिओचे सुटे भाग बनवायला सुरुवात केली होती, आणि ती तेवढ्यावर थांबली असती तर माझी मुदत ठेव अद्याप शाबूत राहिली असती. पण युद्धानंतर कंपनी सायकलीला बसवायच्या इंजिनाकडे वळली आणि 1954 साली तिथे फाबिओ ताल्योनी नावाचे अभियंते रुजू झाले. त्या काळी इंजिन फार वेगाने फिरू लागले की स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेवर मिटता येत नसे, आणि कधीकधी ताण सहन न होऊन ती तुटतही असे. ताल्योनींनी स्प्रिंगच काढून टाकली आणि व्हॉल्व्ह उघडायला एक रॉकर, म्हणजे कॅमने हलणारी छोटी तरफ, आणि मिटायला दुसरा, अशी सोय केली. या रचनेला डेस्मो म्हणतात. तिच्यावर चालणारी 125 सीसीची गाडी 1956 साली स्वीडनमधल्या हेदेमोराच्या शर्यतीत उतरली आणि पदार्पणातच जिंकली. 1968 पासून हीच रचना रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये गिऱ्हाइकांनाही मिळू लागली.

पुढे पोलाद सुधारले, स्प्रिंगा तुटायच्या थांबल्या आणि इतर सगळ्या कारखान्यांनी हा विषय मिटला असे मानले. बोलोन्यात मात्र तो मिटला नाही. त्यामुळे दर 12,000 किलोमीटरला मी जे बिल भरतो, ते माझ्या जन्माच्या आधीच सुटलेल्या एका प्रश्नाच्या उत्तराचे असते. खुद्द कंपनीने 2020 मध्ये मल्टिस्ट्राडा व्ही-4 या गाडीच्या इंजिनात पुन्हा साध्या स्प्रिंगा बसवल्या आणि व्हॉल्व्हची तपासणी थेट 60,000 किलोमीटरवर नेऊन ठेवली. ही बातमी मी घरात कोणालाही सांगितलेली नाही.

व्हॉल्व्हची तपासणी म्हणजे नेमके काय, हे ज्याने पाहिले नाही त्याला या दुखण्याची कल्पना येणार नाही. माझ्या गाडीत व्हॉल्व्ह चार आहेत, पण प्रत्येकाच्या आणि त्याच्या रॉकरांच्या मधल्या, उघडण्याच्या बाजूची एक आणि मिटण्याच्या बाजूची एक, अशा दोन फटी मोजाव्या लागतात. म्हणजे फटी आठ. फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असावी लागते, आणि मिटणाऱ्या बाजूची तर त्याहूनही कमी, जवळजवळ असून नसल्यासारखी. पुढचा सिलिंडर आडवा निजलेला असल्यामुळे त्याच्यापर्यंत हात पोहोचतो. मागचा मात्र टाकीखाली ताठ उभा आहे, आणि त्याचे दर्शन घेण्यासाठी आधी टाकी उचलावी लागते, मग बॅटरी, मग हवेचा डबा, मग काही नळ्या आणि शेवटी मालकाचा धीर, या क्रमाने सगळे बाजूला करावे लागते.

आमच्या मिस्त्रींनी उमेदीची वर्षे स्कूटरी दुरुस्त करण्यात घालवली आणि उतारवयात केवळ जिज्ञासेपोटी हे काम अंगावर घेतले. फट चुकीची निघाली तर व्हॉल्व्हच्या दांडीवरची शिम नावाची टोपी काढून दुसऱ्या मापाची बसवायची असते. मिटणाऱ्या बाजूची शिम दोन अर्ध्या कड्यांनी जागेवर अडकवलेली असते, आणि या कड्या नथीच्या तारेइतक्या नाजूक असतात. त्या निघाल्या की व्हॉल्व्हला धरून ठेवणारे इंजिनात कोणीच उरत नाही, कारण स्प्रिंग नाही. पिस्टन वर आणून ठेवला नसेल तर व्हॉल्व्ह सरळ सिलिंडरच्या पोटात जातो आणि मग हेड, म्हणजे सिलिंडरवरचे संपूर्ण डोके, उतरवल्याखेरीज त्याची भेट होत नाही. म्हणून मिस्त्री आधी पिस्टन वर आणतात, आजूबाजूच्या तेलाच्या वाटा चिंध्यांनी बुजवतात, चुंबक लावलेली कांडी हातात घेतात आणि मला म्हणतात, “साहेब, आता बोलायचं नाही. शिंक आली तर बाहेर जाऊन यायचं.” त्यांच्या गॅरेजात एरवी रेडिओ चालू असतो, त्या वेळी तोही बंद होतो, आणि शेजारच्या पंक्चरवाल्याला हवा भरणे थांबवण्याची विनंती केली जाते. एका मोटरसायकलीच्या देखभालीसाठी अर्धी गल्ली स्तब्ध उभी राहते, हे दृश्य मला दर वेळी भारावून टाकते. पंक्चरवाल्याचे मत वेगळे आहे.

हव्या त्या मापाची शिम हाताशी असेलच असे नाही. ती मागवावी लागते, आणि मागवलेली वस्तू समुद्र ओलांडून, सीमाशुल्काची पायरी चढून आपल्यापर्यंत यायला जो काळ लागतो, त्या काळात गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात टाकीविना उभी राहते आणि तिथे येणारा प्रत्येक जण ती भंगारात काढली आहे का, असे विचारून जातो. यावर आम्ही मराठी माणसाचा पारंपरिक उपाय योजला. माझी आतेबहीण जर्मनीत असते. ती सुट्टीला यायची म्हटले की पूर्वी आईकडून चॉकलेटांची आणि केशराची यादी जात असे. आता माझ्याकडून शिमा, तेलाच्या सीलांचे संच आणि कॅमच्या पट्ट्यांची यादी जाते. मागच्या खेपेला तिने बॅग उघडली, त्यातून काळ्या रबरी पट्ट्यांचे पुडके बाहेर आले आणि आईने ते उलटसुलट करून पाहिले. “हे खायचं नाही ना?” एवढेच तिने विचारले. त्या प्रश्नातली निराशा मला त्या पट्ट्यांच्या किमतीहून जड गेली.

या पट्ट्यांचीही एक कथा आहे. इंजिनाच्या उजव्या अंगाला झाकणाआड दातेरी रबराचे दोन पट्टे असतात आणि ते कॅम फिरवतात. गाडी चालवा अथवा न चालवा, ठरावीक वर्षे झाली की ते बदलायचेच, कारण पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची जी गाठ पडते ती कायमची असते. नवा पट्टा फार सैल राहिला तर दाते सुटतात, फार ताणला तर बेअरिंग खातो. मग ताण योग्य आहे हे ओळखायचे कसे? याचे उत्तर ऐकून मी स्वतः काही काळ थट्टा समजत होतो. पट्टा बोटाने छेडायचा आणि त्याचा सूर मोजायचा. मोबाइलवर गिटार जुळवण्याचे ॲप मिळते. ते उघडून फोन इंजिनापाशी धरायचा, पट्टा छेडायचा आणि पडद्यावर हर्ट्‌झचा आकडा वाचायचा.

हे काम आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये चालू असताना बाबा भाजी घेऊन परतत होते. सवाई गंधर्व महोत्सवाची भारतीय बैठक गुडघे दुखू लागले तेव्हाच त्यांनी सोडली, पण कान जागेवर आहेत. मिस्त्री फोन पुढेमागे करत पट्टा छेडत होते आणि आकडा काही स्थिर होत नव्हता. बाबा थांबले. पिशवी खाली ठेवून त्यांनी डोळे मिटले. “पुन्हा छेडा,” ते मिस्त्रींना म्हणाले. मिस्त्रींनी छेडला. “आता दुसरा.” दुसरा छेडला गेला. “उभा पट्टा उतरलेला आहे. किंचित चढवा.” मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, मी फोनकडे पाहिले, आणि पाना थोडा फिरवून पुन्हा छेडल्यावर दोन्ही आकडे जुळले. “आता लागला,” असे म्हणून बाबांनी पिशवी उचलली. तेव्हापासून मिस्त्री पट्ट्याच्या कामाला फोन काढत नाहीत, “काका घरी आहेत ना?” असे विचारून मगच झाकण उघडतात.

याचा अर्थ बाबांना गाडी मान्य आहे असा नव्हे. त्यांचा आक्षेप मूलगामी आहे. “इटालियन गाडी मीही चालवली,” असे ते पाहुण्यांसमोर सांगतात, आणि दुर्दैवाने ते खरे आहे. आकुर्डीत 1960 च्या दशकात पियाजिओ या इटालियन कंपनीच्या परवान्याने व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागली आणि पुढची चेतक तिच्याच वंशातली. मूळ व्हेस्पा 1946 साली घडवणारे कोर्रादिनो दास्कानियो हे विमाने आणि हेलिकॉप्टरांचे अभियंते. मोटरसायकल हे वाहन त्यांना मनापासून नावडत असे. बाबांना हा तपशील मीच हौसेने पुरवला आणि आता ते तो माझ्याविरुद्ध वापरतात. त्यांच्या हिशेबाने इटालियन गाडीची देखभाल म्हणजे प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, स्कूटर एका अंगावर तिरकी करायची, सरळ करायची आणि किक मारायची. एवढ्यावर त्यांची चेतक चार माणसे, एक गॅस सिलिंडर आणि गणपतीची मूर्ती वाहत आली. माझी गाडी गॅरेजात अडकली की ते न चुकता विचारतात, “अरे, एकदा तिरकी करून पाहिलीस का?” आपली बारामतीही आता त्यांच्या बाजूने साक्षीला उभी राहिली आहे, कारण व्हेस्पा हल्ली तिथल्या कारखान्यात तयार होते. “बारामतीला जाऊन येणं बोलोन्यापेक्षा सोपं,” असे ते म्हणतात आणि यावर माझ्याकडे उत्तर नसते.

चालवण्याच्या सुखाबद्दल लिहायचे तर ते आहे, आणि पहाटे ताम्हिणी घाटात ते इतके निखळ असते की वरची सगळी बिले विसरायला होतात. पण घाटापर्यंत पोहोचण्यासाठी पुणे ओलांडावे लागते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला थंड होण्यासाठी हवा लागते, हवेसाठी वेग लागतो, आणि नळस्टॉपच्या चौकात संध्याकाळी वेग ही कल्पना केवळ सैद्धांतिक असते. मागचा उभा सिलिंडर नेमका मांडीच्या सान्निध्यात असल्यामुळे सिग्नल लांबला की आपण गाडीवर बसलो आहोत की गाडी आपल्याला शेकते आहे, हे कळेनासे होते. शेजारचा स्कूटरवाला त्याच वेळी आपुलकीने “ॲव्हरेज किती देते?” असे विचारतो. अठरा-वीस, असे मी सांगतो, आणि सिग्नल सुटेपर्यंत तो माझ्याकडे सांत्वनाच्या नजरेने पाहत राहतो.

पावसाळ्यात गाडी फारशी बाहेर निघत नाही, आणि इथून गृहनिर्माण संस्थेचा अध्याय सुरू होतो. उभ्या गाडीतही चोरीविरोधी यंत्रणा आणि घड्याळ थोडीथोडी बॅटरी पीत राहतात, आणि दोन मोठे सिलिंडर एकदम फिरवायला स्टार्टरला भरपूर दम लागतो. त्यासाठी बॅटरीला एक छोटा चार्जर लावून ठेवण्याची पद्धत आहे. मी तो पार्किंगमधल्या बटणाला लावला. आठवड्याच्या आत फलकावर सूचना लागली: सामाईक मीटरवरून खाजगी वाहने चार्ज करू नयेत. मी सेक्रेटरी काकांना भेटून गाडी पेट्रोलची असल्याचे सांगितले. “पेट्रोलची गाडी चार्जिंगला कशाला लागते?” त्यांनी विचारले. मी चोरीविरोधी यंत्रणेपासून सुरुवात केली, स्टार्टरपर्यंत आलो, आणि उत्साहाच्या भरात डेस्मोकडे वळणार इतक्यात त्यांनी हात वर करून मला थांबवले. हा चार्जर दिवसाकाठी एखाद्या दिव्याइतकीही वीज खात नाही, हे मी लेखी दिले. ते पत्र कमिटीच्या बैठकीत वाचले गेले, त्यावर दोन सभासदांनी हरकत घेतली, आणि चहानंतर सर्वानुमते ठराव झाला की चार्जिंगला लावलेले वाहन ते विजेवरचे वाहन समजण्यात यावे आणि त्यानुसार मासिक आकार लावावा.

त्यामुळे देखभाल खर्चाच्या पावतीवर माझ्या नावापुढे आता “ई-वाहन, दुचाकी” अशी नोंद येते. सेक्रेटरी काका स्वतः विजेवरची स्कूटर घेण्याच्या विचारात आहेत, आणि इमारतीतला अनुभवी माणूस म्हणून परवा त्यांनी मला जिन्यात गाठले.

“एका चार्जिंगमध्ये किती जाते हो तुमची?”

“सुरू होते,” मी म्हणालो.