हळद-लिंबाने हनुवटीखालची चरबी उतरत नाही

लग्नसराई जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: हळद, लिंबू नि तेल रोज चोळा, रात्री पट्टा बांधा, 15 दिवसांत डबल चिन गायब, घाई असेल तर एकाच इंजेक्शनात काम फत्ते. यातलं काहीच खरं नाही.

चोळल्याने चरबीच्या पेशी फुटत नाहीत. सूज थोडी सरकते, तेवढाच तासाभराचा फरक. उलट लिंबाचा रस लावून आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात निघालात तर त्वचा भाजते, फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. नवरीच्या गळ्यावर हे नकोच.

पट्टा सोडला की मांस परत जागेवर. घामाने पुरळ येतं ते वेगळंच. च्युइंग गम चघळून जबड्याचा स्नायू वाढतो, चरबी तशीच राहते.

आता इंजेक्शन. औषध डीऑक्सिकोलिक ॲसिड. पित्तात असतं तेच. ते चरबीच्या पेशीचं आवरण फोडतं. अमेरिकेच्या एफडीएने 2015 मध्ये मान्यता दिली, ती अशी: 1 सेंमी अंतरावर प्रत्येकी 0.2 मिली, एका बैठकीत जास्तीत जास्त 50 टोचण्या, म्हणजे 10 मिली. दोन बैठकींत किमान महिना, बैठका 6 पर्यंत. दरवेळी सूज, निळेपणा, बधिरपणा येऊ शकतो. सुई जबड्याच्या कडेच्या नसेजवळ गेली तर हसताना ओठ वाकडा होतो. बहुधा सुधारतो, पण लगेच नाही. म्हणून हळदीच्या आठ दिवस आधी हे करू नका, आणि पार्लरमध्ये तर कधीच नाही.

थंडाव्याच्या मशीनने चरबी गोठवतात. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. क्वचित तिथली चरबी उलट वाढते, मग लायपोसक्शनशिवाय ती जात नाही. हायफू (ध्वनिलहरींनी आतून उष्णता देणारी मशीन), रेडिओफ्रिक्वेन्सी (रेडिओलहरींनी उष्णता देणारी) मुख्यतः सैल कातडीसाठी आहेत.

पैसे देण्याआधी हे करा. ताठ बसा, हनुवटीखाली चिमटी धरा आणि दात दाबून ‘ई’ म्हणत गळा ताणा. चरबी चिमटीत राहिली तर ती स्नायूच्या वर आहे. इंजेक्शन किंवा थंडावा तिथेच चालतो. निसटली तर ती आत आहे, सुईने तिथे पोचू नये. मग घोटभर पाणी गिळा. कंठाशी गाठ वर-खाली हलताना दिसली तर ती चरबी नाही, थायरॉईड असू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा.