करार संपला म्हणजे भाडे संपले, हे खरे नाही

विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे: अकरा महिन्यांचा करार संपला की मालकाला पुढचे भाडे मागता येत नाही, तीन वर्षे उलटली की मागची सगळी बाकी बुडते आणि बारा वर्षे राहिलेला भाडेकरू मालक होतो.

पहिले विधान चूक आहे. मुदतीनंतरही भाडेकरू जागेत राहिला आणि मालकाने भाडे स्वीकारले, तर वेगळे काही ठरलेले नसल्यास मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ११६ नुसार घराचा किंवा दुकानाचा भाडेपट्टा महिनेवारीने चालू राहतो, आणि थकलेली रक्कम सरळ भाड्याचीच बाकी ठरते. मालकाने भाडे नाकारून जागा परत मागितली असेल, तर दावा भाड्याचा न राहता विनाहक्क वापराच्या नुकसानभरपाईचा होतो. ती न्यायालय ठरवते, आणि तालुक्याच्या बाजारात गाळ्यांचे दर चढले असतील तर ती जुन्या भाड्याहून जास्तही निघू शकते. म्हणजे संदेशावर विसंबणाऱ्या कृषी केंद्रवाल्यालाच तो महागात पडायचा. मुदतीनंतर राहिलास तर दुप्पट रक्कम घेईन, अशी धमकी देणारे मालकही तपासून बोललेले बरे: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ मधली ती तरतूद राहण्यासाठी परवान्यावर (लीव्ह अँड लायसन्स) दिलेल्या जागेची आहे, दुकानाची नव्हे.

तीन वर्षांची गोष्ट अर्धी खरी आहे. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे बाकीचा दावा लावण्याची ही मुदत प्रत्येक महिन्याचे भाडे देय झाल्यापासून वेगळी मोजतात. म्हणून जुने महिने गळाले तरी अलीकडचे शाबूत राहतात. ‘कापूस निघाला की देतो’ या तोंडी वायद्याने मुदत वाढत नाही. मुदतीच्या आत बाकी मान्य करून सही केलेल्या चिठ्ठीने मात्र ती नव्याने सुरू होते.

बारा वर्षांचा आकडा ताबा परत मागण्याच्या दाव्याचा आहे आणि तो भाडेकरू राहायला आल्यापासून नव्हे, तर भाडेपट्टा संपुष्टात आल्यापासून मोजला जातो. भाडे देत काढलेल्या वर्षांनी मालकी मिळत नाही. अर्थात भाडेपट्टा संपल्यावर मालकानेही स्वस्थ बसू नये. पण म्हणून स्वतःच कुलूप ठोकू नये, कारण तसे बाहेर काढलेल्या भाडेकरूला विशिष्ट साहाय्य कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो.