फोंड्याच्या वाचकांना, निळ्या वायरीबद्दल

होडीच्या ट्रेलरच्या वायरिंगवर मी लिहिलं, त्याखाली फोंड्याच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आहे (नाव लावलेलं नाही, गाव तेवढं लावलंय): "निळी वायर ब्रेकची असते हे गॅरेजात चहा आणणाऱ्या पोरालाही कळतं. तुम्ही ती रिव्हर्स लाइटला जोडायला सांगता. लोकांचे जीव घेणार का? आकृतीत डावं-उजवं उलटं, ब्रेकअवे बॅटरीचा तर पत्ताच नाही."

बाब, आधी डावं-उजवं. पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्या. आकृतीत उलट झालं होतं, काल रात्री दुरुस्त केलं. आभार.

आता ते चहा आणणारं पोर. ते मीच. म्हापशाच्या एका गॅरेजात ग्लास विसळत मी हे काम शिकलो. पुढे मांडवीत खनिजाच्या बार्जवर इलेक्ट्रिशियन होतो. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, बार्ज नांगरून पडल्या, तेव्हापासून होड्यांचे ट्रेलर करतो. त्या पोराला काय कळतं ते मला तरी सांगू नका.

लेखाच्या दुसऱ्याच ओळीत 'सर्ज ब्रेक' असं लिहिलंय. तेवढं वाचायला किती वेळ लागतो? सर्ज ब्रेकला गाडीतून ब्रेकची वायर लागतच नाही. गाडी थांबायला लागली की ट्रेलर मागून रेटतो, कपलर (ट्रेलर गाडीला अडकतो तो पुढचा जोड) आत सरकतो, त्यातला मास्टर सिलिंडर दाबला जातो आणि ऑइल चाकांकडे जातं. भानगड होते ती चढावर मागे घेताना. तेव्हाही कपलर दाबला जातो आणि ट्रेलर ब्रेक धरून बसतो. म्हणून डिस्क ब्रेकवाल्या ट्रेलरला सोलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारा व्हॉल्व्ह, बसवतात. रिव्हर्स लाइटबरोबर त्याला करंट मिळतो, ऑइलची वाट बंद होते. पाच पिनच्या प्लगात त्याची वायर निळी.

तुमची निळी आहे अमेरिकन सात पिनच्या प्लगातली, इलेक्ट्रिक ब्रेकची. ती गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरकडून (ब्रेक दाबला की ट्रेलरच्या ब्रेकला करंट पाठवतो तो) येते, चाकामागे साधारण ३ अँपिअर ओढते. युरोपियन सात पिनच्या प्लगातही निळी आहेच, दोन नंबरला, मागच्या फॉग लाइटची. यातली कुठली त्या पोराला कळते म्हणालात?

तुमचं ऐकून कोणी सर्जची निळी कंट्रोलरला जोडली, तर ब्रेकवर पाय पडताक्षणी सोलेनॉइड ऑइल अडवणार. नेमकं थांबायचं तेव्हा ट्रेलरला ब्रेक नाही. चोर्ला घाटाच्या उतारावर करून बघा, आणि मग जीव कोण घेतंय ते लिहा.

गेल्या जूनमध्ये, मासेमारी बंदी लागल्यावर, पर्वरीला एकाने होडी घरी आणली. घराचा रस्ता चढाचा, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे. रिव्हर्स टाकला की ट्रेलरची चाकं फिरेनात, तांबड्या चिखलात नुसती फरफटत होती. मी प्लग उघडला. निळीच्या जोडावर कोणीतरी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. सोडली तर आत तांबं नव्हतंच, हिरवी भुकटी हातात आली. खाऱ्या पाण्याने खाल्लं होतं सगळं. कापून नवी वायर टाकली, रिव्हर्स लावायला सांगितला. कपलरपाशी 'टक्' असा बारीक आवाज आला आणि ट्रेलर गुमान वर गेला. हे चुकीचं वायरिंग असेल तर असू दे.

ब्रेकअवे बॅटरी, म्हणजे ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेक लावणारी, इलेक्ट्रिक ब्रेकला लागते. सर्जला त्यासाठी लिव्हर आणि तार असते. त्यावर कधी सवड झाली तर लिहीन, तुमच्या आज्ञेने नव्हे.

तरी पटत नसेल तर ट्रेलर घेऊन म्हापशाला या, मीटर लावून दाखवतो. शुक्रवारी तेवढं नको. बाजार असतो, ट्रेलर वळत नाही.