ई आणि एच एकाच वेळी शून्य कसे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: विद्युतचुंबकीय लहरींवरच्या माझ्या लेखातल्या आकृतीत ई (विद्युत क्षेत्र) आणि एच (चुंबकीय क्षेत्र) एकाच वेळी शिखरावर, एकाच वेळी शून्यावर दिसतात. एकाच्या बदलातून दुसरं निर्माण होत असेल तर दोघांत ९० अंशांचा (म्हणजे पाव आवर्तनाचा) फरक हवा, नाहीतर दोन्ही शून्य असताना ऊर्जा जाते कुठे?

आकृती बरोबर आहे. चुकलंय ते माझं वाक्य: ‘एक क्षेत्र दुसऱ्याला जन्म देतं’. ते वाचून एलसी सर्किटमधली (कॉइल आणि कपॅसिटर यांच्यातली) ऊर्जेची अदलाबदल आठवणारच.

फॅरडेच्या समीकरणात एका बाजूला ई अंतरानुसार किती झपाट्याने बदलतं ते आहे, दुसऱ्या बाजूला बी (चुंबकीय क्षेत्राचंच दुसरं माप, निर्वातात एचच्याच प्रमाणात) काळानुसार किती झपाट्याने बदलतं ते. ईचा चढ सर्वांत तीव्र असतो तो ते शून्य ओलांडतं तिथे. म्हणजे बी त्याच जागी सर्वांत वेगाने बदलायला हवं. आणि साइन लहर सर्वांत वेगाने बदलते ती स्वतः शून्य ओलांडताना. दोन्ही शून्यं एकाच जागी आली! तुम्ही फक्त काळाकडचे ९० अंश धरलेत, अंतराकडचे राहिले.

शून्याच्या जागी त्या क्षणी ऊर्जा नसते, हे खरंच. ती पाव तरंगलांबी पुढे-मागे दाटलेली असते आणि अख्खा नमुना प्रकाशाच्या वेगाने सरकत असतो. उलट ९० अंशांचा फरक मानला, तर ई गुणिले एचची सरासरी शून्य येते, म्हणजे ऊर्जा जागच्या जागी हेलकावे खाते. धातूच्या भिंतीसमोरच्या स्थिर तरंगात नेमकं हेच होतं: भिंतीवर ई शून्य, एच कमाल, पाव तरंगलांबीवर उलट.

अँटेनाच्या अगदी जवळही हा फरक जवळपास ९० अंशांचा असतो. छोट्या अँटेनासाठी ‘जवळ’ म्हणजे तरंगलांबीच्या साधारण सहाव्या भागाच्या बरंच आत; हा भाग १०० मेगाहर्ट्झला सुमारे ४८ सेंटिमीटर, १० मेगाहर्ट्झला ४.८ मीटर. तिथे ई मोजून ३७७ ओहमने (दूरवरच्या लहरीत ई आणि एचचं ठरलेलं गुणोत्तर) भागलं की एच मिळेल, या भरवशावर राहिलात तर फसाल. छोट्या डायपोलजवळ (दोन सरळ दांड्यांच्या अँटेनाजवळ) हे गुणोत्तर ३७७च्या खूप वर असतं, छोट्या लूपजवळ (तारेच्या वेढ्याच्या अँटेनाजवळ) खूप खाली. म्हणून ई आणि एच वेगवेगळ्या प्रोबने मोजावेत. दूरवर मात्र ६१ व्होल्ट प्रति मीटरला ०.१६ अँपिअर प्रति मीटर बिनधास्त धरा.

आणि शून्य किंवा ९० एवढेच पर्याय नाहीत. तांब्यात एच ईच्या ४५ अंश मागे असतं, आणि ५० हर्ट्झला सुमारे ९.३ मिलिमीटर आत गेल्यावर दोन्ही ३७ टक्क्यांवर येतात.