‘देवळातल्या नाटकाचेही पैसे मागतात’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. एकच तारा दिलात त्याचे वाईट वाटलेच, पण मनाला लागले ते शेवटचे वाक्य : ‘गावच्या देवाच्या उत्सवावर दुकान मांडून बसलेत.’ नाट्यसंहितांचे हे संकेतस्थळ गोव्यातल्या फोंड्यातून मी चालवतो, त्याच्या अटी मीच घातल्या आहेत, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवे. फोन करून आपापसांत मिटवता आले असते. पण जत्रेला नाटक बसवणाऱ्या आणखीही मंडळांना हेच प्रश्न पडतात, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो.

ज्यांनी तुमचा अभिप्राय वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही मुंबईत नोकरीला आहात आणि दर वर्षी जत्रेला पेडणे तालुक्यातल्या आपल्या गावी येऊन मंडळाचे नाटक बसवता. तुमच्या तक्रारी अशा : देवळापुढच्या फुकट प्रयोगाला आम्ही परवानगीचे दीड हजार घेतले. ऐन तालमीत, जत्रेला नऊ दिवस उरले असताना, संकेतस्थळावरचे तुमचे खाते बंद केले. अटी वीस पानांच्या, त्याही इंग्रजीत. वारलेल्या लेखकांची नाटके आम्ही विकतो. आणि भांडायचेच तर पणजीच्या कोर्टात या म्हणतो.

पैशांच्या बाबतीत तुमचे बरोबर आहे. आमचे चुकले.

कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात कशाकशाने हक्कभंग होत नाही याची लांबलचक यादी आहे. त्यातला एक खंड आपल्या उत्सवी नाटकांना अगदी मापाने शिवल्यासारखा बसतो. हौशी मंडळाने नाटकाचा प्रयोग केला आणि प्रेक्षकांकडून पैसे घेतले नाहीत, किंवा तो प्रयोग एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला, तर हक्कभंग होत नाही. तुमचे मंडळ हौशी. दिवसभर आपापल्या कामावर जाऊन रात्री तालमीला उभी राहणारी माणसे. प्रयोग देवळाच्या प्रांगणात, तिकीट नाही, अख्खा गाव पहाटेपर्यंत बसून बघतो. त्या प्रयोगाला तुम्हाला आमच्या परवानगीची गरजच नव्हती. आमच्या अटींत मात्र ‘कोणताही प्रयोग, कोठेही, सशुल्क वा विनामूल्य’ असे होते.

ते कसे आले तेही सांगतो. सुरुवातीला एका इंग्रजी संकेतस्थळाच्या अटी समोर ठेवल्या आणि नावे बदलून त्याच आपल्या केल्या. आपल्या कायद्यातली ही सूट मी तेव्हा वाचलेलीच नव्हती. वकिलांना अटी दाखवल्या त्या तुमच्या अभिप्रायानंतर, आज सकाळी. हे काम आधी करायला हवे होते. तुमचे दीड हजार आज दुपारी परत पाठवले आहेत. अशाच कारणाने पैसे भरलेल्या बाकीच्या मंडळांची यादी काढायला घेतली आहे. त्यांनी मागायची वाट न बघता त्यांनाही परत जातील.

पण ही सूट कुठवर जाते तेही नीट सांगितले पाहिजे, नाहीतर अर्धे ऐकून कोणीतरी अडचणीत यायचा. सूट प्रयोगाला आहे. तेच नाटक फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात तिकीट लावून केले आणि पैसे मंडळाच्या खात्यात गेले, तर ती लागू होत नाही. मानधन घेऊन गावोगाव प्रयोग करणाऱ्या कंपनीला ती नाही. जत्रेतला प्रयोग मोबाइलवर घेऊन यूट्यूबवर चढवला तर लेखकाची परवानगी लागते, आणि हल्ली बहुतेक जत्रांत नेमके हेच होते. कोणाच्या मनात काळेबेरे नसते. दुबईला असलेल्या भावाला नाटक बघता यावे एवढाच हेतू असतो. म्हणून विचारा. आमच्याकडचे लेखक सहसा नाही म्हणत नाहीत. आणि प्रती काढून वाटणे हेही या सुटीत बसत नाही. तुमचे खाते बंद झाले ते याच कारणाने.

तुम्ही उतरवून घेतलेले नाटक डिचोलीकडच्या एका निवृत्त गुरुजींचे आहे. वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांच्या भाच्याने एका संध्याकाळी त्यांना व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिले, ‘मामा, आमच्या वाड्यावर हे नाटक करावे म्हणतो, वाचून सांग कसे आहे.’ मामांनी उघडले तर त्यांचेच नाटक. फक्त पहिले पान नव्हते. नाटकाचे नाव, लेखकाचे नाव, पहिला प्रयोग कुठल्या देवळात झाला, त्यात कोणी कोणते काम केले, हे सगळे त्या पानावर असते. दुसऱ्या दिवशी गुरुजी बसने फोंड्याला आले. फोन माझ्यापुढे टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘नाव तरी ठेवायचे होते.’ पैशांचा शब्द काढला नाही. मी केलेला चहा तसाच राहिला.

त्या पीडीएफच्या प्रत्येक पानाच्या तळाला फिकट राखाडी अंक होते. तो तुमचा सभासद क्रमांक. पान तुम्ही काढलेत असे मी म्हणत नाही. कलाकारांना पाठांतराला सोपे जावे म्हणून मंडळाच्या ग्रुपवर टाकले, असे तुम्ही लिहिले आहे आणि मला ते पटते. ग्रुपमधल्या एकाने पुढे पाठवले, त्याच्याकडून तिसऱ्याने घेतले. पान नेमके कुठे गळले ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पण अट आहे ती याचसाठी : फाइल पाठवायची नाही, छापील प्रती काढायच्या. एका सभासदत्वावर तालमीसाठी बारा छापील प्रती काढायची मुभा आम्ही लेखकांकडून आधीच लिहून घेतलेली आहे. कागदाची प्रत तालमीत चुरगळते, प्रॉम्प्टर तिच्यावर पेन्सिलीने खुणा करतो, जत्रा झाली की ती मंडळाच्या पेटाऱ्यात जाऊन पडते. फाइल पेडण्यातून सुटली ती डिचोलीला लेखकाच्याच हातात पोचली.

तुम्ही विचारले आहे की गावच्या संस्कृतीवर मालकी सांगणारे आम्ही कोण. मालकी आमची नाहीच. लेखकांनी आम्हाला हक्क विकलेले नाहीत, ठरावीक मुदतीचा परवाना लिहून दिला आहे. आणि हक्क विकले असते तरी आपल्या कृतीवर आपले नाव असावे, हा हक्क कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे लेखकाकडेच राहतो. तिची मोडतोड होऊन लौकिकाला बाधा येत असेल तर हरकत घ्यायचा हक्कही त्याचाच. गुरुजी जे म्हणाले ते कायद्यातच आहे. त्यांना कलम ठाऊक नव्हते एवढेच.

आमच्याकडे या संहिता कशा येतात ते एकदा येऊन बघा. शाळेची दोनशे पानी वही, निळी शाई, कडा वाळवीने खाल्लेल्या. एखाद्या प्रवेशावर आडवी रेघ आणि बाजूला ‘गाळा’. एखाद्या पदाशेजारी पेटीवाल्याने लिहिलेली पट्टी. यातली कितीतरी नाटके कधी छापलीच गेली नाहीत, जगात तेवढी एकच वही आहे. घरची मंडळी ती पिशवीत गुंडाळून आणतात आणि देताना हात मागे घेतात. त्यांना मी सांगतो की फाइल मोकळी सुटली तर मी ते खाते थांबवीन. हे करारात लिहिले आहे. तो शब्द मोडला तर पुढची वही येणार नाही, आणि तिच्याबरोबर एक नाटक जाईल. म्हणून ही अट काढा, पानांवरचे अंक काढा, ही तुमची मागणी मी मान्य करू शकत नाही.

मात्र खाते ज्या पद्धतीने बंद केले ते चुकीचे होते. आमच्याच अटींत लिहिले आहे की आधी कळवू, उत्तर द्यायला सात दिवस देऊ. गुरुजी समोर बसलेले असताना मी ते केले नाही, तिथल्या तिथे खाते बंद केले. तुमच्या प्रकाशाच्या आणि संगीताच्या नोंदी त्या खात्यात होत्या. त्या तुम्हाला नऊ दिवसांत आठवून पुन्हा लिहाव्या लागल्या. ती रात्रीची जागरणे माझ्यामुळे झाली. मनापासून क्षमा मागतो. खाते आज सकाळी सुरू केले आहे, नोंदी जशाच्या तशा आहेत आणि बंद राहिलेले दिवस मुदतीत वाढवले आहेत.

इंग्रजीचे म्हणाल तर ‘अटी मान्य’ची चौकट तुम्ही स्वतः टिक केली होती. आधीच टिक मारून ठेवलेली चौकट २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार चालत नाही आणि आमच्याकडे ती तशी नव्हती. अशी टिक करून करार होतो, माहिती तंत्रज्ञान कायदाही तो मानतो. पण लिहिणारे मराठी, वाचणारे मराठी, नाटक मराठी, आणि माणसाला बांधून घालणारा कागद तेवढा इंग्रजी, हे मला आता स्वतःलाच खटकते. अटी मराठीत लिहून झाल्या आहेत. काय करता येईल, काय नाही, पैसे केव्हा परत मिळतात आणि खाते कशामुळे थांबते, एवढे पैसे भरायच्या बटणाच्या वरच मोठ्या अक्षरांत दिसेल.

वारलेल्या लेखकांच्या बाबतीत तुमचा गैरसमज झाला आहे. लेखकाचा मृत्यू ज्या वर्षी झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. देवल १९१६ साली गेले, गडकरी १९१९ साली, खाडिलकर १९४८ साली. त्यांची नाटके आमच्याकडे कोणालाही मिळतात, सभासद नसला तरी, एक पैसा न देता. अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्या नाटकांवर २०२९ च्या अखेरपर्यंत हक्क आहे, म्हणून ती आमच्याकडे नाहीतच. तुम्ही ज्या संगीत नाटकाचे लिहिले आहे त्याची मूळ संहिता मोफत आहे. पैसे आहेत ते रंगावृत्तीला. पदे कमी करून, प्रवेश जोडून, गावच्या मंडळाला अडीच तासांत पेलेल असे रूप एका आजच्या लेखिकेने त्याला दिले, त्या कामावर तिचा हक्क आहे. दोन्ही एकाच पानावर एकाखाली एक होत्या, कोणाचाही गोंधळ झाला असता. आता वेगळ्या केल्या आहेत.

पणजीच्या कोर्टाची अट काढली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येते. माझ्या उत्तराने समाधान झाले नाही तर मुंबईत तक्रार करायला तुम्ही मोकळे आहात. तुमचा फोन नंबर मी गुरुजींना दिलेला नाही, देणारही नाही.

एक विनंती आहे. त्या नाटकाचे पहिले पान तुमच्या ई-मेलवर पाठवले आहे. ते मंडळाच्या ग्रुपवर टाका आणि फाइल ज्यांच्याकडे आहे त्यांना ती पुसायला सांगा. तुमचा प्रयोग रंगला, असे तुम्ही अभिप्रायात एका ओळीत लिहिले आहे. ती ओळ मी गुरुजींना फोनवर वाचून दाखवली. दुसऱ्या अंकातला म्हाताऱ्याचा प्रवेश लोकांनी कसा घेतला, असे ते विचारत होते. त्यांना काय सांगू ते कळवा.