सलाईन, मॉर्फिन आणि चार बोटांची फट

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. कॅन्सरने गेलेल्या माझ्या भावाच्या शेवटच्या दीड महिन्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप तीन: सलाईन न लावता त्याला उपाशी ठेवलं, मॉर्फिन हे दुखणं दाबायचं कडक औषध देऊन गुंगीत लोटलं, आणि तो चोवीस वर्षांचा पोर असताना त्याचंच ऐकून त्याला दवाखान्यातून घरी आणलं.

आधी सलाईनचं. हा प्रश्न आईनेही विचारला होता, तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात. त्याने चमच्याकडे तोंड फिरवलं की ती स्वयंपाकघरात जाऊन रडायची आणि पाच मिनिटांनी तोच चमचा घेऊन परत यायची. तिच्या समाधानासाठी एकदा सलाईन लावूनही पाहिलं. दुसऱ्या दिवशी पावलं इतकी सुजली की बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा, आणि छातीतली घुरघुर वाढली. डॉक्टर म्हणाले, शरीर मिटत आलं की भूक आपोआप जाते आणि बाहेरून घातलेलं पाणी झेपत नाही. खाणं सुटलं म्हणून तो जात नव्हता, तो जात होता म्हणून खाणं सुटलं होतं. हे वाक्य आईच्या गळी उतरायला आठवडा लागला. मग तिला काम मिळालं: दर तासाला ओला कापूस तोंडातून फिरवायचा, ओठांना व्हॅसलीन लावायचं. कोरड्या तोंडाला सलाईनपेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला.

मॉर्फिनबद्दल तुमचा समज माझाही होता. पहिले दोन-तीन दिवस तो झोपून होता, हे खरं. त्याआधी कित्येक रात्री दुखण्यापायी डोळा लागला नव्हता, त्याचीही ती झोप असावी. नंतर सरावला आणि मॅच बघताना मला अक्कल शिकवू लागला. दुखलं की द्यायचं औषध नव्हे ते. घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायचं, म्हणजे दुखणं वर यायच्या आतच दाबलं जातं. डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात दिलं तर श्वास बंद पडायची भीती धरू नये. उलट धाप लागते तेव्हाही थोड्या मात्रेत तेच देतात. खरा त्रास बद्धकोष्ठाचा. मळमळ चार दिवसांत गेली, हा शेवटपर्यंत राहिला. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवंच. आम्हाला ते उशिरा कळलं आणि त्याचे हाल झाले. त्याबद्दल बोला, ऐकून घेईन.

एक गोष्ट तुम्ही म्हणाला नाहीत, तरी मीच सांगते. माझा लेख फार गोड झाला होता. पहाटे तीनला चादर बदलताना मी त्याच्यावर ओरडले होते, ते त्यात नव्हतं.

आता तिसरं. ‘पोर’ हा शब्द मला लागला. चोवीस वर्षांचा माणूस तो. आंघोळ घालायला आईला नको म्हणायचा, बाबांना चालवून घ्यायचा, मला खोलीबाहेर काढायचा. रिपोर्ट आम्ही त्याच्यापासून लपवले तेव्हा त्याने ते स्वतः वाचून काढले आणि दोन दिवस कोणाशी बोलला नाही. आणखी एक केमो घ्यायची की नाही, हे त्याला विचारायचं नाही तर कोणाला? दवाखान्यात त्याला एकच खुपायचं: कोणीही, कधीही, न विचारता पडदा सरकवून आत येतं. घरी आल्यावर त्याने पहिली अट घातली ती खोलीचं दार बंद ठेवायची. आम्ही घाबरलो, पण मानलं. काही लागलं तर मिस्ड कॉल द्यायचा.

शेवटच्या आठवड्यात बोटांत फोन दाबायची ताकद राहिली नाही. मी विचारलं, आता दार उघडं ठेवू का? बराच वेळ विचार करून त्याने हात जरासा उचलला आणि चार बोटं दाखवली. तेवढीच फट ठेवली.