‘आठ जीबी रॅम आहे ना, मग टाका मोठी इमेज!’

अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘फोनला आठ जीबी रॅम, गावोगावी फाइव्ह-जी. इमेज लहान करत बसू नका. एकच मोठी फाइल ड्रॉएबलमध्ये (अ‍ॅपमधल्या चित्रांच्या फोल्डरात) टाका, अँड्रॉइड बघून घेईल. फारच वाटलं तर वेबपी (इमेजचा हलका फाइल-प्रकार) करा. बाकी प्ले स्टोअर फोनप्रमाणे वाटणी करतंच.’ आमच्या जळगावातही तो भक्तिभावाने पुढे ढकलला जातोय.

आधी रॅम. समजा, रावेर-यावलच्या केळी व्यापाऱ्यांसाठी अ‍ॅप आहे आणि शेतकरी बागेतून घडाचा फोटो टाकतो. १२ मेगापिक्सेल, म्हणजे ४०००×३०००. फाइल तीनेक एमबीची, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण पडद्यावर दाखवताना ती उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर साधारणपणे प्रत्येक पिक्सेल ४ बाइट घेतो. झाले ४८ एमबी. यादीतले दहा घड एकदम मेमरीत आले की ४८० एमबी, आणि तेही अंगठ्याएवढ्या चौकोनांसाठी! आठ जीबी काय तुमच्या एकट्या अ‍ॅपला आंदण दिलीय? इमेज उलगडतानाच लहान करणारा ‘इनसॅम्पलसाइज’ हा आकडा ८ दिला की तोच फोटो ५००×३७५ होऊन पाऊण एमबीत बसतो. ग्लाइड किंवा कॉइल या इमेज दाखवणाऱ्या तयार लायब्ररी हे स्वतःच करतात, फक्त चौकोनाचं माप त्यांना नीट कळू द्या.

‘अँड्रॉइड बघून घेईल.’ बघतं की, पण उलटं. नुसत्या ड्रॉएबल फोल्डरातली इमेज ते १६० डीपीआयची (इंचाला १६० ठिपके) धरतं. ४८० डीपीआयच्या फोनवर तिची लांबी-रुंदी तिप्पट, मेमरी नऊपट. १०८०×१९२० चं पार्श्वभूमीचं चित्र ८ एमबीऐवजी जवळपास ७५ एमबी खातं. असं चित्र ड्रॉएबल-नोडीपीआय फोल्डरात ठेवा, म्हणजे अँड्रॉइड ते ताणणार नाही, एवढंच.

वेबपी करा, जरूर करा. फाइल हलकी होते. उलगडल्यावर पिक्सेल मात्र तेवढेच, त्यामुळे वरचे ४८ एमबी जागचे हलत नाहीत.

प्ले स्टोअरचं म्हणाल, तर नव्या अ‍ॅपना ऑगस्ट २०२१ पासून बंडल (अ‍ॅपच्या सगळ्या भागांचा एकत्र गठ्ठा) सक्तीचं आहे आणि त्यातून फोनच्या डेन्सिटीप्रमाणे, म्हणजे डीपीआयप्रमाणे, इमेज जातात, हे खरं. पण तुम्ही ठेवल्या असतील त्यातल्याच. एकच ठेवली तर वाटणार काय? आयकॉनना तर व्हेक्टरच (पिक्सेलऐवजी रेषांनी सांगितलेलं, कुठल्याही मापाला चालणारं चित्र) बरं.

राहिलं फाइव्ह-जी. धडगाव-तोरणमाळकडे रेंज मिळवायलाच टेकडी शोधावी लागते. फोटो पाठवण्याआधी फोनवरच लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणा. फण्या आणि सालीवरचे डाग व्यापाऱ्याला तेवढ्यात दिसतात.